लेथ एकच होता

डिप्लोमा मेकॅनिकलचा, पहिली सात वर्षं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात आणि पुढची सगळी पुण्यात, इमारतींच्या साइटवर प्लॅनिंगमध्ये. त्यामुळे कारखान्यातले मला बिल्डरचा माणूस म्हणतात आणि सिव्हिलवाले अजून पाहुणाच समजतात. दोन्हीकडे काम मात्र एकच होतं. कुठलं काम कधी करायचं आणि ते करायला माणूस, यंत्र, साहित्य कुठून आणायचं. वेळापत्रकाच्या ज्या ज्या पद्धती या काळात गाजल्या, मागे पडल्या, त्या बहुतेक मी वापरल्या. काही मनापासून, काही साहेबांच्या हट्टापायी. हाताला जे लागलं ते आठवेल तसं लिहितो.

१. नेटवर्क काढण्याआधी यंत्रं मोजा

हंगाम संपला की साखर कारखान्याची खरी लगबग सुरू होते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. मिल उघडायच्या, रोलर बाहेर काढायचे, बॉयलरच्या ट्यूब तपासायच्या, टर्बाइन, पंप, पॅन, सगळं खोलून पुन्हा बसवायचं. शेवटी बॉयलर इन्स्पेक्टरसमोर चाचणी, मग अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी. १९९० साली ऊस जादा होता, गळीत मेअखेरीपर्यंत लांबलं. दसरा सप्टेंबरच्या शेवटी होता आणि अग्निप्रदीपन दसऱ्यालाच करायचं, असं ठरलं होतं. हातात होते साधारण १२० दिवस.

मी नुकताच सीपीएम, म्हणजे क्रिटिकल पाथ मेथड, शिकलो होतो. कुठलं काम कुठल्या कामानंतर ते जाळ्यात मांडायचं आणि सर्वांत लांब साखळी शोधायची. पंधरा दिवस खपून नेटवर्क काढलं. त्यात बॉयलरची साखळी सर्वांत लांब निघाली, ११० दिवसांची. मिलचं काम सोपं दिसत होतं. रोलर काढायला १० दिवस, एका मिलचे तीन रोलर लेथवर घ्यायला प्रत्येकी ८ प्रमाणे २४, बसवून लाइनीत आणायला २०. एकूण ५४. चार मिल एकाच वेळी चालणार, म्हणजे मिल हाऊसला ५६ दिवसांचा फ्लोट, उशीर झाला तरी चालेल अशी सवड. मी तो हिरव्या पेन्सिलीनं रंगवला आणि तक्ता चीफ इंजिनिअर साहेबांच्या केबिनमध्ये लावला.

मिल हाऊसचे फोरमन चहाच्या सुट्टीत आले, कप हातात धरून तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "तक्ता झ्याक हाय साहेब. पर चारी मिलचं रोलर एकदम चढवणार कुठं? लेथ एकच हाय न्हवं."

बारा रोलर, प्रत्येकी ८ दिवस. नुसता लेथच ९६ दिवस खातो. आधीचे दहा आणि नंतरचे वीस धरले तर १२६. हातात १२० दिवस, आणि माझ्या तक्त्यावर तिथे हिरवागार फ्लोट.

चूक नेटवर्कची नव्हती. कुठलं काम कुठल्या कामानंतर, एवढंच त्याला विचारलं होतं आणि त्याचं उत्तर त्यानं बरोबर दिलं होतं. दुसऱ्या मिलचा रोलर पहिल्या मिलच्या रोलरसाठी थांबतो, याला तांत्रिक कारण काहीच नाही. दोघांना एकच लेथ लागतो, हे कारण आणि ते मी कुठे लिहिलंच नव्हतं. आम्ही शेवटी चार रोलर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर पाठवले. आठ उरले, त्यांचे ६४ दिवस, मागचेपुढचे ३० मिळून ९४. मिलचा धोका टळला आणि बॉयलर पुन्हा सर्वांत लांब झाला. अग्निप्रदीपन दसऱ्यालाच झालं. फोरमनचं नाव मात्र तक्त्यावर कुठेच आलं नाही, याची खंत मला आजही आहे.

त्यानंतर कुठल्याही कामावर गेलो की मी पहिल्या दिवशी कामांची यादी करत नाही. एकेरी गोष्टींची यादी करतो. एकच क्रेन, एकच हॉईस्ट, एकच वॉटरप्रूफिंगवाला, सही करणारा एकच माणूस.

२. बार चार्टला हसू नका

नवीन पोरांना बार चार्ट म्हणजे शाळकरी प्रकार वाटतो. हेन्री गँटनं १९१० च्या दशकात तो प्रचारात आणला म्हणून त्याचं नाव चिकटलं. पोलंडचा कारोल आदामियेत्स्की १८९६ च्या सुमारास तशाच जातीचा तक्ता वापरत होता, पण त्याचं लिखाण जगापर्यंत उशिरा पोचलं. शंभर वर्षं होऊन गेली तरी साइट ऑफिसच्या भिंतीवर तोच असतो. कारण साधं आहे, मुकादमाला तो वाचता येतो. आज कुठे उभे आहोत ती उभी रेघ ओढली की कोण मागे आहे ते सांगावं लागत नाही.

त्याचा दोष एकच, पण मोठा. कोण कुणासाठी थांबलंय ते तो सांगत नाही. प्लंबिंगची पट्टी आठवडाभर सरकवली तर टाइल्सची पट्टी आपोआप सरकत नाही. म्हणून नेटवर्क माझ्या कपाटात असे आणि भिंतीवर बार चार्ट. तोही तीस ओळींच्या आत. चारशे ओळींचा तक्ता भिंतीवर लावणारे इंजिनिअर मी पाहिलेत. त्या तक्त्याचा उपयोग भिंतीतली ओल झाकायला होतो.

३. फ्लोट म्हणजे गावविहीर

सीपीएमचा जन्म १९५७ च्या आसपासचा. ड्यूपॉन्टचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी तो युनिव्हॅक संगणकावर उभा केला. ड्यूपॉन्टनं पुढे लुईव्हिलच्या कारखान्यातल्या देखभालीच्या बंदला तो लावला आणि १२५ तासांचं काम ७८ तासांवर आणलं. हे वाचलं तेव्हा मला आमचा ऑफ-सीझन आठवला. काम त्याच जातीचं, फक्त त्यांचे तास आणि आमचे महिने.

या दोघांचा मूळ प्रश्न पैशाचाही होता. वेळ विकत घ्यायचा तर कुठे घेतला म्हणजे स्वस्त पडेल? सगळीकडे ओव्हरटाइम लावणं म्हणजे सगळ्या शेतात पाणी सोडून एका वाफ्याची वाट पाहणं. जी साखळी लांब आहे तिथेच पैसा ओतायचा. हा विचार मला आजही सगळ्या पद्धतींत सर्वांत चोख वाटतो.

पण सीपीएमचा फ्लोट माणसांच्या हाती पडला की त्याचं वेगळंच होतं. एका इमारतीवर भिंतींत पाइप टाकायच्या कामाला वीस दिवसांचा फ्लोट होता. इलेक्ट्रिकवाल्यानं सुरुवातीलाच तो सगळा वापरून टाकला, कारण दुसऱ्या साइटवर त्याचं बिल अडकलं होतं. त्याच ओळीत प्लंबर होता. फ्लोट दोघांचा मिळून होता, हे प्लंबरला कळलं तेव्हा विहीर आटलेली होती. भांडण माझ्या टेबलावर आलं. त्या दिवसापासून कुठल्याही ठेकेदाराला मी फ्लोट दाखवत नाही. सुरुवातीची तारीख सांगतो, शेवटची तारीख सांगतो, मधलं अंतर माझ्याकडे. हे पुस्तकाला धरून नाही, ठाऊक आहे.

४. पर्टचं उत्तर विसरा, प्रश्न ठेवा

पर्ट साधारण सीपीएमच्याच काळात अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून आलं. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे. सगळं नीट झालं तर, नेहमीसारखं झालं तर आणि सगळं फिसकटलं तर. मधल्याला चारपट वजन देऊन बेरीज करायची आणि सहानं भागायचं. एका मंजुरीसाठी मी १५, ३० आणि १०५ दिवस धरले. पंधरा अधिक एकशेवीस अधिक एकशेपाच, भागिले सहा, बरोबर चाळीस. साहेब खूश झाले. मंजुरीला नव्वद दिवस लागले.

चाळीसचा आकडा कुणाच्याच कामाचा नव्हता. १०५ का म्हणतोस, एवढं कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की एका खात्याचा अभिप्राय दुसऱ्या खात्याच्या अभिप्रायाशिवाय येत नाही आणि दुसरं खातं पहिल्याची वाट बघतं. ते ऐकून कोणी तरी वेळीच दोन्हीकडे फेऱ्या मारल्या असत्या. तेव्हापासून तीन अंदाज विचारतो, पण भागाकार करत नाही. तिसरा आकडा सांगणाऱ्याला खुर्ची देतो, चहा मागवतो आणि बोलू देतो.

पर्टची आणखी एक खोड आहे, ती फार कमी लोक सांगतात. ते लांब साखळीकडे एकटक बघतं. समजा स्लॅबच्या आधी तीन कामं संपायला हवीत, तिघांची वेळेत संपण्याची शक्यता निम्मी निम्मी, आणि कोणाचाही कोणाशी संबंध नाही. तिघंही वेळेत येण्याची शक्यता मग आठात एक. बैठकीत तिघंही ठेकेदार "जमंल साहेब" म्हणतात आणि आपण स्लॅबची तारीख फळ्यावर लिहितो.

५. "लेव्हल" हे बटण दाबण्याआधी पाणी पिऊन या

माणसांची संख्या सारखी ठेवण्याचे दोन रस्ते आहेत. पहिल्यात माणसं ठरलेली, तारीख सरकली तरी चालेल. दुसऱ्यात तारीख ठरलेली, फ्लोटच्या आत कामं पुढेमागे करून माणसांचा चढउतार कमी करायचा. इंग्रजीत त्यांना वेगळी नावं आहेत, आपण साइटवर दोन्हीला लेव्हलिंगच म्हणतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

पुण्यातल्या एका प्रकल्पावर माझ्या वेळापत्रकाप्रमाणे तीन आठवडे साठ बारबेंडर लागत होते, पुढचे तीन आठवडे वीस, पुन्हा पंचावन्न. कागदावर ठीक होतं. मुकादम म्हणाला, चाळीस माणसं मी तीन आठवडे कुठे ठेवू, खिशात? त्याचं म्हणणं बरोबर होतं. माणूस नळासारखा चालू-बंद होत नाही. गावाहून आलेल्याला रोज काम हवं, नाही मिळालं तर तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साइटवर असतो आणि परत येत नाही. शिवाय साठ माणसं म्हणजे पत्र्याच्या खोल्या, संडास, पाण्याचा टँकर, हे सगळं साठांचंच लागतं, वीस असतानाही.

मी संगणकावर बारबेंडरांची मर्यादा चाळीस घातली आणि लेव्हलचं बटण दाबलं. शेवटची तारीख चार महिने पुढे गेली. साहेबांनी विचारलं, कुठे चुकलास? चुकलो नव्हतो. त्यांनी तारीख हलणार नाही असं सांगितलं होतं आणि मी माणसं हलणार नाहीत असं सांगितलं होतं. संगणकानं माझं ऐकलं. शेवटी पार्किंगच्या दोन भागांचा क्रम बदलला, लोखंड कापून वाकवून आणायचं काम बाहेर दिलं आणि बेचाळीस-पंचेचाळीस माणसांत ते बसलं. बटणानं यांतलं काहीही सुचवलं नव्हतं.

माणसांसारखंच सेंट्रिंगचं साहित्य. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू चौदा दिवस काढता येत नाहीत. सात दिवसांना एक स्लॅब टाकायचा म्हटलं की खालचे दोन मजले टेकूंनी भरलेले आणि तिसऱ्यावर नवे उभे. म्हणजे तीन मजल्यांचे टेकू लागले. दोनच संच विकत घेऊन सात दिवसांचं वेळापत्रक भिंतीवर लावलेली साइट मी पाहिली आहे. तिथे स्लॅब दहा दिवसांना पडत होता आणि रोज इंजिनिअर बोलणी खात होता.

६. उंच इमारतीला पंगतीची रीत

एकसारखे मजले, एकसारख्या खोल्या असतील तर सीपीएम बाजूला ठेवा आणि लाइन ऑफ बॅलन्स काढा. आडव्या रेघेवर दिवस, उभ्या रेघेवर मजले, प्रत्येक कामाची एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी तितकं काम जलद. दोन रेघा एकमेकींना छेदू लागल्या की समजायचं, तिथे मारामारी होणार.

लग्नाच्या पंगतीत मीठ, चटणी, कोशिंबीर, भात, वरण, तूप असे वाढपी एकामागोमाग निघतात. भातवाला रेंगाळला की वरणवाला पातेलं घेऊन मागे उभा राहतो. त्याला कोणी कितीही घाई केली तरी उपयोग नसतो.

बावीस मजल्यांच्या इमारतीत प्लास्टरला मजल्याला दहा दिवस लागत होते, टाइल्सला पाच. पहिल्या मजल्याचं प्लास्टर झाल्या झाल्या टाइल्सवाल्याला बोलावलं असतं तर तो पाच दिवस काम करून पाच दिवस बसला असता, पुन्हा पाच काम, पाच बसणं. बावीस मजल्यांत बसण्याचे दिवस एकशेपाच. दोनदा बसला की तो टोळी घेऊन निघून जातो, हा माझा अनुभव. त्यामुळे आम्ही त्याला एकशेपाच दिवस उशिरा बोलावलं. तो आला आणि न थांबता वर चढत गेला. शेवटच्या मजल्याची तारीख दोन्ही हिशेबांत तीच होती.

मालकांना हे पटवणं सोपं नव्हतं. त्यांना दर रविवारी गिऱ्हाइकाला टाइल्स दाखवायच्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर एक नमुन्याचा फ्लॅट करून दिला, मग शांत झाले. नंतर प्लास्टरची दुसरी टोळी मिळाली आणि सगळंच काम पुढे सरकलं, ते वेगळं.

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत १७ मार्च १९३० ला सुरू होऊन १ मे १९३१ ला खुली झाली, १०२ मजले. तिच्या लोखंडी सांगाड्याचा वेग आठवड्याला चार-साडेचार मजल्यांचा होता. लाइन ऑफ बॅलन्स हे नाव तेव्हा नव्हतं, ते पुढे गुडइयरमधून आणि अमेरिकन नौदलातून आलं. रीत मात्र हीच.

७. सवड सगळ्यांना वाटू नका

एलियाहू गोल्डरॅटचं क्रिटिकल चेन हे पुस्तक १९९७ साली आलं. माझ्या हाती लागलं ते बऱ्याच वर्षांनी, एका मित्राच्या घरी, आणि त्यात मला माझा लेथ भेटला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की साखळी मोजताना कामांबरोबर माणसं-यंत्रंही धरा. आणि प्रत्येक जण आपापल्या अंदाजात जी सवड लपवतो, ती काढून घ्या आणि सगळ्यांची मिळून शेवटी एका जागी ठेवा, बफर म्हणून. कारण पोटात लपवलेली सवड वाया जाते. दहा दिवस मागितलेल्याचं काम सहा दिवसांत होण्यासारखं असलं तरी तो आठव्या दिवशी सुरू करतो.

हे वाचून मला माझ्या आजोबांची वारी आठवली. ते माउलींच्या पालखीबरोबर जायचे. आळंदीहून निघणं तिथीनं ठरलेलं, आषाढी एकादशीला पंढरपुरात असणं तिथीनं ठरलेलं. मध्ये एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादी वाढते, मुक्कामांचा हिशेब दरवर्षी थोडा बदलतो. मग प्रत्येक गावी अर्धा दिवस जास्त ठेवतात का? नाही. लोणंदला पालखी कधी एक, कधी दीड, कधी अडीच दिवस थांबते. बाकी मुक्काम आपल्या जागी, लवचिकपणा बहुतेक लोणंदला. आजोबांना बफर हा शब्द ऐकूनही माहीत नव्हता, पण "यंदा लोणंदात किती?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा.

साइटवर मी हे करायचा प्रयत्न केला आणि निम्मा फसलो. ठेकेदारांकडून सवड काढून घेणं जमलं. ती शेवटी ठेवली, तीस दिवसांची पट्टी. मालकांनी ती पाहिली आणि म्हणाले, तीस दिवस काहीच काम नाही, मग ताबा महिनाभर आधी देऊ. जाहिरात निघाली. बफर उघड्यावर ठेवायचा तर वरच्या माणसाला त्याची गरज पटलेली असावी लागते, नाही तर तो पहिल्याच बैठकीत खर्ची पडतो. पुढच्या प्रकल्पात मी त्या पट्टीला "लिफ्ट चाचणी, अग्निशमन चाचणी व किरकोळ दुरुस्ती" असं नाव दिलं. कोणी हात लावला नाही. त्यातले बावीस दिवस लागले.

८. शनिवारचा हिशेब

मोठं वेळापत्रक कितीही चांगलं असो, सोमवारी सकाळी काय करायचं ते ठरवतो मुकादम. अमेरिकेत ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात याच माणसाला शेवटचा नियोजक म्हटलं आणि त्याच्या आठवड्याच्या शब्दाचा हिशेब ठेवायला सुरुवात केली. दिलेल्यांपैकी किती शब्द पाळले, एवढंच टक्क्यांत. त्यांनी पाहिलेल्या कामांवर तो आकडा निम्म्याच्या आसपास निघाला होता.

आमच्याकडे पहिल्या शनिवारी एकवीस शब्दांपैकी नऊ पाळले गेले. मी ओरडलो नाही, बारा जणांना नुसतं का विचारलं. सात जणांची उत्तरं एकच होती, आधीचं काम झालं नव्हतं. तिघांकडे साहित्य नव्हतं. एकाला ड्रॉइंग मिळालं नव्हतं, आणि ते माझ्याच टेबलावर होतं. आळशीपणाचं उत्तर एकच निघालं. खर्च शून्य, लागतं एक वही. माझ्या मते महागड्या सॉफ्टवेअरच्या आधी हे करून पाहावं.

९. उशिरा माणसं ओतू नका

फ्रेड ब्रूक्सनं १९७५ साली सॉफ्टवेअरबद्दल लिहिलं की मागे पडलेल्या प्रकल्पात माणसं घातली तर तो आणखी मागे पडतो. आमच्याकडे कारण वेगळं, परिणाम तोच. वन बीएचकेच्या स्वयंपाकघरात दोन मिस्त्री बसतात. सहा बसवले तर चार जण बाल्कनीत तंबाखू मळतात.

१०. हत्यार

सॉफ्टवेअर म्हणाल तर प्रायमाव्हेराही वापरलं, एमएस प्रोजेक्टही वापरलं, काही काळ नुसतं एक्सेल. फरक आहे. दहा हजार कामांच्या मेट्रो-पुलाला एक्सेल पुरत नाही आणि चाळीस फ्लॅटच्या इमारतीला प्रायमाव्हेरा म्हणजे चिमणीला तोफ. यावर आणखी लिहिण्यासारखं मला काही वाटत नाही.

११. पंचांग शेजारी ठेवा

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एक कॅलेंडर असतं. त्यात रविवार आणि सरकारी सुट्ट्या भरून आपण मोकळे होतो. खऱ्या साइटचं कॅलेंडर फार निराळं. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात त्या दिवसांत निम्मे रस्ते बंद. ट्रान्झिट मिक्सर अडकला तर आतलं काँक्रीट वाट बघत नाही. म्हणून त्या आठवड्यात मी मोठा स्लॅब धरतच नाही. पितृपक्षात ताबा घ्यायला कोणी येत नाही, त्यामुळे ताब्याची तारीख त्यात पडू द्यायची नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस धरायचा आणि तळघराचं जमिनीखालचं वॉटरप्रूफिंग मेमध्येच संपवायचं. हे सगळे जण शिकतात, एखादा पावसाळा फटका खाऊन.

माणसांचं कॅलेंडर मात्र लवकर शिकत नाहीत. आमच्या साइटवर बारबेंडर आणि सुतार बहुतेक बिहार-बंगालचे. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ. गेलेला माणूस छठ करून लगेच परतत नाही. घरी धानाची कापणी असते, लग्न असतं, वर्षातून एकदा भेटणारी आई असते. होळीला तेच. गावात निवडणूक लागली की तेच. मी पहिली तीन वर्षं दिवाळीच्या पाच दिवसांच्या सुट्ट्या धरत होतो आणि दर नोव्हेंबरात वरच्यांसमोर खाली मान घालून उभा राहत होतो. माणसं "पळाली" असं आम्ही बैठकीत म्हणायचो. ती पळालेली नसायची, घरी गेलेली असायची. माझ्या वेळापत्रकात त्यांना घर नव्हतं.

चौथ्या वर्षी एका मुकादमानं युक्ती सांगितली. म्हणाला, "साहब, आप आदमी को मत पूछो, टिकट को पूछो." माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, आठ दिवसांत येतो म्हणतो. तिकीट खोटं बोलत नाही. त्या वर्षी मी मुकादमाच्या वहीतली तिकिटं मोजली आणि नोव्हेंबरसाठी पस्तीस टक्के माणसं धरली. स्लॅब मागे ठेवले, ज्यांना स्थानिक माणूस चालतो ती कामं पुढे घेतली. प्लंबिंग, रंग, बाहेरचा रस्ता, कुंपणाची भिंत. माणसांचा आलेख पहिल्यांदा खऱ्याच्या जवळ गेला.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी उघडतं. तेव्हा यंदाच्या दिवाळीपासून साठ दिवस मागे मोजा, त्या तारखेला आपल्या तक्त्यावर खूण करा आणि सकाळी आठला मुकादमाकडे जाऊन जायची किती तिकिटं निघाली ते विचारा. पंधरा दिवसांनी पुन्हा जा आणि यायची किती निघाली ते विचारा. यायचं एकही निघालं नसेल तर पुढचा स्लॅब जानेवारीत धरा.